लॅपटॉप घरी आणि हे दुकानात

मी खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा शिवणकाम व मशीनवरचे भरतकाम, राहणार बाजारामागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर, पहिला मजला. घरात मी व माझे यजमान असे दोघेच असतो. मुलगी लग्न होऊन परगावी आहे. आज मी स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात आले असून, साहेबांनी जे जे विचारले त्याचे उत्तर कोणाच्या शिकवण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने देत आहे.

आमच्या पुढच्या खोलीत माझे काम चालते. तिथे शिलाईची मशीन, कापायचे टेबल व खिडकीपाशी भरतकामाचे मशीन आहे. या मशीनला नक्षी कॉम्प्युटरवरून द्यावी लागते. माझे यजमान एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्याला टाळे लागल्यापासून ते घरी आहेत व मला मदत करतात. मदत म्हणजे दोरे आणणे, बटणे आणणे, तयार कपडे पोचवणे. त्यांच्या हाताखाली पूर्वी माणसे होती, आता ते माझ्या हाताखाली आहेत, असे लोक गमतीने म्हणतात. मी तसे कधी म्हटलेले नाही.

जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडल्यामुळे ह्यांनी चौकातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातून एक लॅपटॉप आणला. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, पुसूनबिसून, नवी बॅटरी घालून विकलेला. दुकान चालवणारी बाई त्याला रिफर्बिश्ड म्हणते, मी जुना म्हणते. सदर बाईचे वय चाळिशीच्या आत असावे. केस कापलेले आहेत व हसताना मान मागे टाकते. याचा तक्रारीशी काय संबंध असे साहेबांनी विचारले. मी म्हणाले, लिहून ठेवा, पुढे लागेल.

भरतकामाचा प्रोग्राम मशीनच्या कंपनीच्या साइटवरून डाउनलोड केला. तो इन्स्टॉल करायला गेले की पडद्यावर पाटी यायची, की हा प्रोग्राम खात्रीच्या ठिकाणचा नाही, सबब घेता येणार नाही. दुसरा एक साधा प्रोग्राम उतरवून पाहिला, त्यालाही तीच पाटी. हे लॅपटॉप घेऊन दुकानात गेले व येऊन म्हणाले की त्यात एक अडसर होता, तो मॅडमनी काढला. प्रोग्राम बसवताना मशीन जोडलेले लागते, म्हणून तो घरीच बसवायचा होता. दुपारची जेवणे झाल्यावर मी मशीन जोडून बसवायला गेले, तर पाटी जागच्या जागी. हे म्हणाले, अरेच्चा, परत आली वाटतं, आणि लगेच उठून चपला घालू लागले.

त्यानंतर हेच चालले. लॅपटॉप दुकानात जायचा, बरा होऊन यायचा व घराचा उंबरा ओलांडला की आजारी पडायचा. मला वाटले, काहीतरी पाणी मुरते आहे. ती बाई मुद्दाम अर्धवट काम करते, म्हणजे ह्यांना परत यावे लागते.

संशयाला आधार काय असे विचारल्यावरून सांगते की, आधार शर्टाचा आहे. दोरा आणायला खाली जायचे तर हे गंजिफ्रॉकवर जातात आणि जाताना कुरकुरतात. लॅपटॉप दाखवायला जाताना इस्त्रीचा शर्ट घालतात. इस्त्री मी केलेली असते. परत आल्यावर जेवताना मॅडम काय म्हणाल्या ते सांगतात. बॅटरीबद्दल मॅडमचे मत सांगितले तर मी समजू शकते. माझ्या गुडघ्याबद्दल मॅडमचे मत काय आहे हेही त्यांनी मला ऐकवले. त्या दिवशी मी भाजीत मीठ घालायचे विसरले व त्यांच्या ते लक्षातही आले नाही. मला मत्सर वाटत होता. साहेबांनी इथे संशय हा शब्द लिहिला होता, तो बदलून मत्सर असा करून घेतला आहे.

या काळात माझ्याकडे एका शाळेच्या गणवेशांवर बिल्ले भरायचे काम आले होते. मशीन बंद असल्यामुळे ते मी हाताने भरत होते. बोटांची टोके सुईने सोलून निघाली, ती साहेबांना दाखवली आहेत. हे समोर बसून म्हणायचे की तुझे हाल बघवत नाहीत, आणि लॅपटॉप पिशवीत घालायचे.

आज सकाळी कामे उरकल्यावर ह्यांनी तोच शर्ट घातला व 'लॅपटॉप दाखवून येतो' असे सांगून ते बाहेर पडले. थोड्या वेळाने मी कापायला कापड पसरायला घेतले, तर टेबलावरच्या चिंध्यांखाली लॅपटॉप होता. पिशवी खुंटीला होती. हे लॅपटॉप दाखवायला लॅपटॉप न घेताच गेले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षे मी ह्यांना विसराळू म्हणून चिडवत आले आहे, पण असा विसर मला कधी दिसला नव्हता.

मी लॅपटॉप पिशवीत घातला व दुकानापर्यंत गेले. दुकानाला पुढून काच आहे. सदर बाई एक यंत्र उघडून स्क्रू काढत होती. हे गल्ल्याच्या आतल्या बाजूला खुर्चीवर बसले होते. गिऱ्हाइकाच्या बाजूला नव्हे, आतल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता व ते एका म्हाताऱ्या गृहस्थांना फोनमधले काहीतरी समजावून देत होते. सगळे हसत होते. हेही हसत होते. ह्यांना इतके मोकळे हसताना मी शेवटचे कधी पाहिले ते मला आठवेना. मी आत गेले नाही. का गेले नाही याचे कारण सांगता येत नाही. तिथून थेट इथे आले व फसवणुकीची तक्रार लिहून घ्या असे सांगितले.

साहेब म्हणाले की बाई, तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठताय, हे पोलिसांचे काम नाही. मी म्हणाले, माझा धंदाच सुताचा आहे, आणि दुरुस्त म्हणून नादुरुस्त वस्तू देणे ही फसवणूक नाही तर काय आहे. मी उठत नाही असे पाहून त्यांनी सदर बाईला फोन करून बोलावले. ती आली. हे तिच्या स्कूटरवर मागे बसून आले. खांद्याला धरले नव्हते, पाठीमागच्या कड्याला धरले होते, हे मी खिडकीतून नीट पाहिले आहे.

पुढचा प्रकार ठाण्यातल्या टेबलावर सर्वांसमक्ष घडला. इथल्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या हवालदारांनी माझा लॅपटॉप उघडून तोच प्रोग्राम चालवला. तीच पाटी आली. मी सदर बाईकडे पाहिले. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, सेटिंगमध्ये जाऊन पाहिले व म्हणाली की यात लॅपटॉपची सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानातलेच प्रोग्राम घ्यायचे, बाहेरचे घ्यायचे नाहीत, अशी एक निवड असते. ऑफिसांतून आलेल्या लॅपटॉपवर ती बहुधा लावलेली असते. ती बदलली की काम होते. त्यात बिघाड असा नाहीच. ती आपोआप परत लागत नाही, कोणीतरी हाताने लावावी लागते. मग ती ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "साहेब, पहिल्या दिवशी मी ही तुमच्याच हातानं काढायला लावली होती ना?"

साहेब म्हटल्यावर इथले साहेब व आमचे हे, दोघांनीही मान वर केली. कारखाना बंद झाल्यापासून ह्यांना साहेब म्हणताना मी कोणाला ऐकले नव्हते.

इथल्या साहेबांनी ह्यांना ती निवड बदलून दाखवायला सांगितले. हे म्हणाले, चष्मा आणलेला नाही. चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता, तो मी काढून दिला. मग त्यांनी बदलून दाखवले. मला वाटले होते ते शोधत बसतील. ह्यांची बोटे कुठेही अडली नाहीत. इतक्या सवयीने तर ते घरचे कुलूपही उघडत नाहीत. प्रोग्राम पुन्हा चालवला तेव्हा जुनी पाटी आली नाही. आता लॅपटॉप म्हणत होता की मशीन जोडा.

घरात तुम्ही दोघेच का, असे साहेबांनी मला विचारले. मी हो म्हणाले. तुम्हाला ही निवड माहीत होती का, असे विचारले. मी नाही म्हणाले. मग साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिले. हे टेबलाकडे बघत म्हणाले, "मीच लावत होतो. घरी आणला की लावायचो."

मी ह्यांना माझी बोटे दाखवली. सदर बाईने सांगितले की तिला दुसऱ्या खेपेलाच शंका आली होती, परंतु हे बसले की म्हाताऱ्याकोताऱ्या गिऱ्हाइकांना न कंटाळता समजावून सांगतात, सुटे भाग जागच्या जागी लावून ठेवतात, म्हणून तिने विषय काढला नाही. हे तिने माझ्याकडे बघून सांगितले व माफी मागितली. ती वाईट बाई नाही. असे म्हणणे मला जड गेले आहे.

साहेबांनी ह्यांना विचारले की असे का केले. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथं गेलं की विचारतात, चहा घेणार का. घरी आलं की विचारतात, आणलंस का."

आणलंस असे मी म्हणत नाही. मी ह्यांना अहोजाहो करते, आणलंत का असे म्हणते. हे मी तिथल्या तिथे सांगितले. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आले की बाकी सगळे मी कबूल केले आहे. मला रडू आले. इथल्या महिला पोलिसांनी पाणी दिले.

त्यानंतर सदर बाईने असे सांगितले की, तिने ह्यांना दुकानात कायमचे कामाला येण्याबद्दल विचारले आहे. गिऱ्हाइकांशी बोलणे व सामानाची व्यवस्था पाहणे, असे काम. ह्यांनी घरी विचारून सांगतो म्हटले होते. मला कोणी विचारलेले नाही. का नाही विचारले असे मी ह्यांना म्हणाले. हे म्हणाले, तू हो म्हणशील की नाही याची भीती नव्हती, तू हसशील याची होती. त्यांना एक गोष्ट माहीत नाही व ती मी इथे सांगते, की मला अजिबात हसू आले नसते. ते रोज सकाळी शर्ट घालून दुसरीकडे निघतील आणि तिथे मोकळेपणाने हसतील, या विचाराने माझा जीव आत्ताही खालीवर होतो आहे.

सदर बाईने मला फसवले अशी माझी तक्रार होती, ती मी मागे घेते. यजमानांविरुद्ध काही तक्रार आहे का असे विचारले. लॅपटॉपला अडसर लावणे हा गुन्हा कुठल्या कलमात बसत नाही असे कळले. बिल्ल्यांचे राहिलेले काम ते आज मशीन जोडून माझ्या शेजारी बसून पुरे करून देणार आहेत, असे त्यांनी सर्वांसमोर कबूल केले आहे. दुकानात कामाला जाण्याचे त्यांनी ठरवले आहे. ते ठरवताना त्यांनी माझ्याकडे पाहिले व मी मान हलवली. उद्यापासून ते जातील.

हा जबाब हवालदारांनी टाइप करून मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी माझे यजमान समोरच्या बाकावर बसून ऐकत होते. मी सांगितले तसाच तो उतरवला आहे. फक्त शेवटी हवालदारांनी सवयीप्रमाणे 'यजमानांनी सदर दुकानात नोकरी करण्यास माझी काही हरकत नाही' असे टाइप केले होते. ते मी खोडायला लावले. माझी हरकत आहे. हरकत असून मी त्यांना पाठवत आहे. तसे लिहून झाल्यावर, ह्यांच्या देखत, सही केली.