मतं मोजली, पण ठरलं कुठे?

माझं गाव गडचिरोलीत, जंगलाच्या कडेला, कडेला काय, पोटातच म्हणा. माय मोहफुलं वेचायची, तेंदूची पानं तोडायची, आणि त्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, हे मी इथे जर्मनीत, बोब्लिंगेनच्या ऑफिसातही ताठ मानेने सांगतो, लाज कसली. तर आमच्या गावची रीत अशी, की बांबू कधी तोडायचा, कोणता भाग राखायचा, हे ठरवताना कुणी हात वर करून मोजत नाही. एक म्हातारी जरी नाही म्हणाली तरी पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. लहानपणी वैताग यायचा, काय सांगू तुम्हाला, पोटात कावळे ओरडताहेत आणि हे लोक आपले बसलेले.

इथे आमच्या घरामागेही जंगल आहे, नगरपालिकेचं. दोन हजार अठराचा उन्हाळा कोरडा गेला, सालीत किडा शिरला, उतारावरची स्प्रूसची झाडं उभ्याउभ्या वाळली. ती कापल्यावर ठरलं, की हा उतार आता लोकांनीच सांभाळायचा, कुठली झाडं लावायची इथपासून त्यांना पाणी घालण्यापर्यंत. मग फेराइन निघालं, म्हणजे आपल्याकडचं मंडळ, फक्त नियमावलीसकट. मी लगेच नाव दिलं.

सभेत मी म्हणालो ओक लावू, सोबत इतर चार जातींची झाडं. सगळ्यांना पटलं, एक फ्राउ केलर सोडून. आमच्याच गल्लीतल्या, ऐंशी पार केलेल्या बाई. त्या म्हणाल्या, ती स्प्रूसची रांग वडिलांबरोबर मीच लावली होती, वाळली ना, आता तुम्ही दुसरी रांग लावणार, जंगलाला स्वतःहून येऊ द्या की. हात वर झाले, मोजले. अध्यक्ष हेर ब्रांट म्हणाले, आल्झो, म्हणजे चला, ठरलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ठरलं कुठे, त्या नाही म्हणतायत ना. सगळे हसले. ब्रांट म्हणाले, अहो, तुम्ही जिंकलात. फ्राउ केलरनी कोट चढवला, गेल्या, आणि पुढच्या सभेला आल्याच नाहीत.

माझं चित्त ठिकाणावर राहिना. बायको म्हणे, अहो, तुमच्या मनासारखं झालं ना, मग घरभर येरझारा कशाला. पण सगळ्यांचं जंगल म्हणायचं आणि एक माणूस बाहेर ठेवायचा, मला ते पचेना. शेवटी त्यांच्या दारात गेलो. उंबऱ्यातच विचारलं त्यांनी, दया दाखवायला आलात का. म्हटलं नाही, भांडायला, सभेत अर्धवट राहिलं. मग घेतलं आत.

अर्धा उतार लावायचा, अर्धा मोकळा सोडायचा, इथवर आम्ही आलो. ब्रांट कुरकुरले, एकदा झालेलं मतदान पुन्हा काढायचं नसतं. म्हटलं, नियम आपणच केलाय ना. गेनाऊ, म्हणजे बरोबर, म्हणाले, पण तोंड वाकडं करून. लावणीच्या दिवशी बाई काठी टेकत आल्या, बघितलं, म्हणाल्या, मोकळा भाग फार लहान सोडलात. आणि पुढच्या सभेला पहिल्या रांगेत हजर.

आता रोपांना पाणी घालायचं की नाही, यावरून अडलंय. त्या म्हणतात, बादलीवर वाढलेलं झाड पुढच्या कोरड्या वर्षी काय करेल. ब्रांट माझ्याकडे बघतात, यांना तुम्हीच परत आणलंत. आणलं खरं. इकडे ओकच्या पानांच्या कडा करपताहेत, ऑफिसातून येताना रोज बघतो, जीव वरखाली होतो. परवा सभा आहे, तोवर बादलीला हात लावणार नाही मी. रोपं जगोत बाप्पा, आणि बाई शंभरीला पोचोत, अशाच नाही म्हणत.