नवा बोर्ड, जुना सूर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शाळेतल्या बाई आपल्या नंबरची वाट बघत बसल्या होत्या. पुढे काउंटरला टेकून एक म्हातारं जोडपं उभं होतं. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान थोडेच मिटता येतात!

“मदरबोर्ड नवा बसवलाय, काका. आता तुमची जुनी हार्ड डिस्क द्या.”

“देतो, पण आत डोकावायचं नाही. मी स्वतः गायलेली जन्मभराची गाणी आहेत त्यात. कुणी चोरली म्हणजे?”

“चोर दुसऱ्या दिवशी परत आणून देईल! घरी फुकट ऐकवली तरी माणसं चपला शोधायला लागतात.”

“तू गप्प बस गं!”

“काका, कॉम्प्युटरला डिस्क दिसत नाहीये. बहुतेक गेली.”

“गेली? सगळी?”

“सुटले बाई एकदाची! अहो... अहो, असे मटकन खाली काय बसता? दादा, परत एकदा लावून बघा ना. नीट बघा हो.”

“थांबा काकू, केबल बदलतो. हां, आली! एखादं गाणं वाजवून बघू?”

“वाजव रे.”

“ऐका! नवा बोर्ड घातला तरी सूर काही लागला नाही.”

“बंद कर रे बाबा, हिला त्रास होतो.”

“बंद कशाला? अंतरा तरी पुरा होऊ द्या.”