एकटीच्या रेकॉर्डचा भाव

तुम्हाला सिन्नरच्या बँडमास्तरांची गंमत सांगितली नाही ना? नाशिकच्या आमच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात ते आपल्या बँडच्या गायिकेला, सुनीताला, घेऊन आले. ती बँड सोडून एकटीने कार्यक्रम करणार, म्हणून मास्तर हवालदिल.

“शेठ, त्या स्वीडनच्या गाण्याच्या ग्रुपमधल्या बाईचं सांगा हिला. ग्रुप सुटला आन् बाई संपली!”

मी मान डोलावली आणि त्या ग्रुपची एक, बाईची एकटीची एक अशा दोन रेकॉर्ड काढून ठेवल्या. सुनीताने दोन्हींवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या वाचल्या.

“ग्रुपची तीनशेला, बाईची एकटीची नऊशेला. मास्तर, कोण संपलं म्हणता?”

एकटीची रेकॉर्ड तेव्हा इकडे कोणी घेतली नाही, म्हणून आता मिळत नाही, म्हणून महाग, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सुनीताने नऊशे रुपये काउंटरवर ठेवले.

मी म्हणालो, “पिशवी देऊ का, ताई?”