साकारिसनं ठरवलेला दिवस

—अगं, छत्री कशाला झटकतेस, तिच्या काड्या उलट्या झाल्यात, टाक तिथं कोपऱ्यात— आणि बूट राहू देत पायात, फरशी पुसायला मला काम पाहिजेच आहे. बस. नको काय? बोट तीनला आहे, आत्ता दीड वाजतोय, आणि तुझा बाप अजून दोर गुंडाळत बसला असेल— डेन्मार्कमधल्या तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो दोर घेऊन काय करणार, देव जाणे. बस, एल्सपा. शेवटची आलीस ती आईच्या मातीला, हो ना? चार वर्षं झाली. चहा घे. जुलै महिना आणि शेगडी पेटलीय, बघ. ह्या उन्हाळ्यात सूर्य किती वेळा दिसला, विचार मला— तीनदा. बाकी पाऊस, धुकं आणि वारा, वारा, वारा— पाऊससुद्धा सरळ पडेना, आडवा येतो आणि दाराच्या फटीतून आत शिरतो. आणि त्या तीन दिवसांतला एक म्हणजे तो शनिवार. उगवला नसता तर बरं झालं असतं.

तुला बापानं फोनवर काय सांगितलं? 'अंदाज चुकला माझा'— एवढंच? बघ. एवढंच बोलणार तो. अगं, बेचाळीस वर्षं त्या माणसानं गावाचा कळप सांभाळला, अकरा घरांच्या मिळून तीनशे मेंढ्या, आणि लोकर कातरायचा दिवस त्यानं ठरवायचा, बाकीच्यांनी नुसतं बूट चढवून डोंगराला लागायचं— ही इथली रीत. त्यात कोणी तोंड घालायचं नाही. माझ्या सासऱ्यानं कधी घातलं नाही, आणि तो तर चर्चमध्ये पाद्र्याला मध्येच टोकायचा. बेचाळीस वर्षं अंदाज चुकला नाही आणि ह्याच वर्षी बरा चुकला? तुला पटतं? मला तर— नाही, थांब, नीट सांगते. कातरलेली मेंढी म्हणजे न्हाऊ घालून तसंच उघड्यावर ठेवलेलं मूल. दोन-तीन दिवस कोरडे मिळाले तर अंगावर चार केस धरते, नाही मिळाले तर संपली. म्हणून तो थांबला होता. पहिला शनिवार— 'नको.' दुसरा शनिवार— 'अजून नको.' डोंगराच्या शेंड्याकडे बघायचा, नाक वर करायचा, न् 'नको.'

आणि इकडे माझं जेवण नासत होतं. हो, जेवण. कळप खाली आणला, लोकर उतरली की सगळ्यांनी एका घरी जेवायचं, आणि अकरा वर्षांनी पाळी माझ्यावर आली होती. चाळीस माणसांचं सूप, वाळवलेलं मटण, रूबार्बच्या आंबट देठांचे सात केक. पहिल्या शनिवारी केलं ते शेजारी वाटलं. दुसऱ्या शनिवारी केलं ते कोंबड्यांना घातलं. तिसऱ्यांदा मी— काय? हो, कपाटं नवीन आहेत. आवडली? पिवळी मीच म्हटलं, यालग्रीम म्हणत होता पांढरी घे— माझ्या नवऱ्याला रंगातलं काय कळतंय, होडीसुद्धा राखाडी रंगवतो तो, मग धुक्यात शोधत फिरतो. दारं कशी गप्प मिटतात बघ, आवाजसुद्धा— बरं झालं तू विचारलंस. नाही, बरं नाही झालं. खरं सांगू? जेवण हे निमित्त. मला हे दाखवायचं होतं. ह्या कपाटांसाठी दोन हिवाळे मी कारखान्यात मासे कापलेत, बोटं बधिर होईपर्यंत, आणि मला चाळीस माणसं इथं उभी राहून 'वा, मालेना' म्हणायला हवी होती— ओलावच्या जत्रेला सगळे राजधानीकडे, तोर्सहाव्नला पांगायच्या आत. बावन्न वर्षांची घोडी मी, आणि मला कपाटं दाखवायची होती.

तिसऱ्या शनिवारी ऊन पडलं. सगळे कोंडवाड्यापाशी जमलो, दगडी भिंतीवर कात्र्या मांडलेल्या, पोरीबाळी दंडावर बाह्या चढवून तयार. तुझा बाप आला, आभाळ बघितलं, बराच वेळ बघितलं, न् म्हणाला, 'सोमवारी बघू.' लख्ख ऊन, बरं का, समुद्र नुसता चकाकतोय— आणि म्हणे सोमवारी! तेव्हा मी बोलले. 'गावाला मेंढपाळ पाहिजे, साकारिस, हवामानाच्या बातम्या वाचणारी बाई नको.' लोक हसले. हसले म्हणून मला चेव आला. मग मी म्हटलं— नाही, ते राहू दे. राहू दे म्हटलं ना. असं बघू नकोस ग. बरं. मी म्हटलं, 'बायको पुरलीस त्याच खड्ड्यात हिंमतही पुरून आलास वाटतं.' —कप खाली ठेवू नकोस. —ठेव. ठेव, तुझी आई होती ती. आणि मला कधी वावगं बोलली नाही, माझ्या बाळंतपणात तिनंच दूध आणून दिलं रोज. त्यावर कोणी हसलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला— रागानं नाही, राग परवडला असता— मग कुत्र्याला शीळ घातली आणि डोंगर चढायला लागला. झालं. दिवस ठरला.

सहापर्यंत लोकर उतरली. चाळीस माणसं इथं जेवली, दारं उघडून-मिटून बघितली सगळ्यांनी, 'वा मालेना' झालं, पोटभर झालं. कोणीतरी विचारलंही, साकारिस कुठाय? तो जेवायला आलाच नव्हता, वर कळपापाशी बसून होता. आठला वारा उत्तरेला फिरला. मग तीन दिवस, पोरी. वितळलेल्या बर्फासारखा पाऊस, आणि वारा असा की माणसानं रांगत जायचं. मेंढ्या वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटतात— चालत, चालत, कड्यापर्यंत— काही तिथून गेल्या. काही ओढ्याच्या घळीत एकमेकींवर चढल्या, खालच्या गुदमरून गेल्या, वरच्या गारठून. गुलाबी दिसत होत्या. आणि कोकरं काठावर उभी, ओरडत. सदुसष्ट मेंढ्या गेल्या. तीसेक तुझ्या बापानं पाठीवर वाहून होडीघरात आणल्या, गोणपाटात गुंडाळून चोळत बसला. मीही चोळल्या. त्याच्या शेजारी बसून चोळल्या, आणि तो एकदा तरी— अगं, एक शिवी तरी द्यायची! नुसतं म्हणाला, 'पोटाकडून चोळ, मालेना, पाठ चोळून काही होत नाही.'

मग शाळेत बैठक. 'दिवस कोणी ठरवला?' विचारलं. तो उठला, टोपी हातात, म्हणाला, 'मी ठरवला. मेंढपाळ मी आहे.' चाळीस माणसं होती खोलीत, चाळिसांनी माझं बोलणं ऐकलेलं, आणि चाळिसांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. मी? मी विणत होते. दुसऱ्या रांगेत. पायमोजा. जिचं तोंड बंद करणारा माणूस ह्या बेटावर अजून जन्मला नाही, ती मी, टाके मोजत होते. मग त्यानं कळप सोडला. आणि दिला कोणाला, माहितीय? यालग्रीमला. माझ्या नवऱ्याला, ग! काठी हातात देऊन म्हणाला, 'कड्याकडच्या काळ्या मेंढीवर लक्ष ठेव, ती बाकीच्यांना नेते.' यालग्रीम घरी आला, काठी दारामागं उभी केली आणि मला म्हणाला, 'झालं तुझं समाधान?' तेव्हापासून ह्या घरात 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच बोलणं होतं.

परवा दुकानात साकारिस समोर आला. भेटल्यावर आधी मागच्या भेटीबद्दल आभार मानायचे, तू तिकडं राहून विसरली असशील, पण तो कसा विसरेल? हातात पाव, टोपीवरून पाणी गळतंय, न् म्हणतो, 'मागच्या भेटीबद्दल आभार, मालेना.' मागची भेट म्हणजे ती बैठक! टोमणा नव्हता. टोमणा मला कळतो, जन्म गेलाय माझा त्यात. सवयीनं म्हणाला, मनापासून म्हणाला. मी बटाट्यांची पिशवी तिथंच टाकून घरी आले.

म्हणून म्हणते, नेऊ नकोस त्याला. —हो, मला काय अधिकार, काहीच नाही, तरी म्हणते. तिथं खिडकीतून काय बघेल तो, लोकांच्या खिडक्या? आणि तुला वाटतंय तो मेंढ्यांच्या दुःखानं निघालाय. नाही. त्याला वाटतंय आपल्याला आता आभाळ वाचता येत नाही. उन्हाला भुललो, म्हातारा झालो, डोळे गेले— हेच धरून बसलाय. अगं, बरोबर वाचलं होतं त्यानं! भुलले ते बाकीचे. त्या दिवशी अख्ख्या कोंडवाड्यात खरं कळलेली माणसं दोनच, एक तो आणि— अजून ओतू चहा? केक घे. —नाही, 'दोन' नाही म्हटलं मी. 

म्हटलं. 

त्या शनिवारी सकाळी सहाला उठले तेव्हा पलीकडच्या बेटाची कड अगदी जवळ आली होती, सुरीनं कापल्यासारखी, एकेक घळ मोजून घ्यावी इतकी. ऊन होतं, हो. पण कड अशी दिसली की रात्रीच्या आत उत्तरेचं वादळ येतं, हे माझ्या आईनं मला चालायला यायच्या आधी शिकवलंय. दोरीवर माझ्या चादरी होत्या. ओल्या. उन्हात वाळत असताना मी त्या काढून आत आणल्या, इथं शेगडीपाशी टाकल्या— आणि मग जाऊन त्याला हिंमत शिकवली. कळलं? हे कोणालाच माहीत नाही. यालग्रीमलाही नाही. तूही सांगू नकोस. —नाही, सांग. तू सांग त्याला, बोटीत, बेट दिसेनासं झालं की. म्हणावं, तुझे डोळे शाबूत आहेत, साकारिस, ती बया खोटी. माझ्यानं नाही होणार ते. गेले तीन आठवडे त्याच्या फाटकापर्यंत जातेय आणि परत येतेय, वाऱ्याच्या नावानं बोटं मोडत. —काय म्हणालीस? हो. भित्रीच. म्हण अजून एकदा.

थांब. कुत्रा भुंकला. तोच आला— एवढ्या लवकर कसा आला हा? तू काही बोलू नकोस. डोळे पूस आधी, मीही— ये, साकारिस, ये ना आत, दार लाव, पाऊस आत येतोय. हो, इथंच आहे ती, चहा झाला तिचा. एकच पेटी? दोर नाही घेतले? बरं केलंस. —काय? —मला कशाला विचारतोस हवेचं, यालग्रीमला विचार, रेडिओ लाव— हो, बोट लागते तिला, लहानपणीही लागायची, आठवतं मला. —असं नको बोलूस रे. 'माझ्या अंदाजावर पोरीला नेत नाही' असं नको बोलूस माझ्या घरात.

थांब, खिडकीतून बघते.

वारा चारनंतर उत्तरेला फिरेल. तीनची बोट त्याच्या आत तोर्सहाव्नला पोचेल, तिला त्रास नाही व्हायचा. —हो. खात्री आहे. मला कळतं. 

मला त्या शनिवारीही कळलं होतं, साकारिस. सकाळी सहाला.

—एल्सपा, तू बाहेर जा. कुत्र्याला घेऊन जा. पाऊस आहे तर भीज जरा. जा म्हणते ना, आणि दार ओढून घे.