विहिरीची मुदत

रसूलभाई कारकून गेल्याचं कळलं तेव्हा मी कळंबच्या बाजारात शेपूची जुडी निवडत होतो, आणि खोटं कशाला बोलू, आधी मला हसूच आलं.

आम्ही दोघं एकाच वकिलाकडे कामाला होतो. मी टायपिस्ट. वकीलसाहेबांचा रिवाज असा, की रजासुद्धा कोर्टासारखा अर्ज करून मागायची. बहात्तरच्या दुष्काळात मी स्वतःच्या लग्नासाठी अर्ज दिला. साहेब सवयीनं, वर न बघताच म्हणाले, "पुढची तारीख घे."

"साहेब, लग्न आहे माझं."

"मग? समोरच्या पक्षाची हरकत आहे का?"

तेवढ्यात रसूलभाई टोपी सारखी करून उभे राहिले.

"अर्जदाराच्या वतीनं मी उभा हाय, साहेब. येरमाळ्याला नवरीच्या बापाच्या विहिरीत आठ दिवसांचंच पाणी उरलंय. पुढल्या तारखेला वऱ्हाडाला काय पाजायचं? विहिरीला मुदतवाढ देता येत असंल, तर खुशाल द्या!"

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी अर्जावर 'मंजूर' लिहिलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "रसूलभाई, तुमची फी?"

"लग्नातलं जेवण त्यात धरायचं न्हाय. नवरीच्या हातची येसराची आमटी, अन् तीबी तुमच्या घरी बसून."

पुढं कितीतरी वर्षं ते टाइपरायटरपाशी येऊन विचारायचे, "काय अर्जदार, आमटीची तारीख कधी?"

"पुढच्या महिन्यात नक्की," मी म्हणायचो.

त्यांना जेवायला बोलावायचं राहूनच गेलं.