दुसऱ्या पानावरची तार

— नाही, नाही, लिहा तुम्ही, माकडच लिहा. चौकशी आहे तुमची, कारण तर लागणारच — आणि काशीत सगळ्याला माकड पुरतं. त्यानं ग्रंथालयाच्या छतावरची केबल ओढली, ती अर्धी तुटली, दिवसभर लाइन येत-जात राहिली, पाचच्या आत दिल्लीला जायची प्रवेशयादी इथंच अडकली. चाळीस मुलांचे प्रवेश गेले. आणि निलंबित कोण? आमचा ज्युनियर, अनिमेष. का, तर तारा त्यानं जोडल्या. किळस येते हो मला या संस्थेची. तुम्ही पुण्याचे निघालात म्हणून मराठीत बोलतोय. हेच बाहेर बरामद्यात हिंदीत बोललो तर उद्या मीही घरी.

बघा, सहा विभाग, सहा राउटर, गोलात जोडलेले. एक तार गेली की दुसऱ्या बाजूनं जायचं, एवढंच. पण हा रस्ता शोधायचा कसा? एक पद्धत रिप — दर तीस सेकंदांनी शेजारी सांगेल ते खरं मानायचं. बातमी शिळी असली तरी. मग तार येत-जात असली की सगळं गोल गोल फिरत बसतं. दुसरी ओएसपीएफ — प्रत्येकाजवळ पूर्ण नकाशा, तार तुटली की काही सेकंदांत सगळ्यांना खबर. शिकायला अवघड, मान्य. पण यातली कुठली घ्यायची ते ठरवणाऱ्या समितीनं काय केलं? समोसे खाल्ले आणि रिप ठरवली. सोपी आहे म्हणे. शी.

अनिमेषनं आधीच टिपण लिहिलं होतं ना, ओएसपीएफच घ्या म्हणून. दोन पानी. ते बैठकीपर्यंत पोचलंच नाही, कुणी वाचलंच नाही, दाबलं कुणीतरी — इतकी हलकी माणसं आहेत इथं. आणि त्या पोरानं तर दुसऱ्या पानावर चक्क हीच ग्रंथालयाची तार लिहिली होती, माकडांसकट, खाली लाल रेघ मारून —

काय?

मला कसं माहीत म्हणजे? मी संगणक केंद्राचा प्रमुख, कागद माझ्याच टेबलावरून पुढं जातो, तेव्हा साहजिकच —

वाचलं. तीनदा वाचलं. समजलं नाही मला. बावीस वर्षं नोकरी झाली, आणि परवा आलेल्या पोराला विचारू, की बाबा रे, हे काय आहे? लाज वाटली. रिप मला येत होती. बैठकीत पहिला हात मीच वर केला.

उजवीकडच्या खणात आहे ते. कुलूप नाही, घ्या. आणि या आता. चपला दाराबाहेर आहेत तुमच्या.