चढावर तापणारी गाडी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही बोटं मोकळी करा. आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. सांगा – एकटं माणूस कोणाला म्हणायचं?

ज्याच्या घरात दुसरं कोणी नाही, त्याला? बघा, माना हलल्या! सोपं वाटलं! मग ज्याच्या घरात सात माणसं आहेत आणि सकाळपासून त्याच्याशी एकही बोललेलं नाही, त्याला काय म्हणाल? आता एकही मान हलत नाही. असू दे. ऐका.

भुदरगडच्या डोंगरात सावरखिंड नावाचं गाव. तिथं इंदुमती खराडे राहतात. नावानं विचाराल तर कोणी सांगायचं नाही – 'नर्सबाई' म्हणा, शेंबडं पोरसुद्धा घर दाखवील! एकतीस वर्षं सरकारी नर्स. चिखल तुडवत वाड्यावस्त्यांवर जायच्या, बाळंतपणं करायच्या. निम्मं गाव त्यांच्याच हातांवर जन्मलेलं! मग रिटायर झाल्या. मालक आधीच गेलेले. मुलगी प्रज्ञा बंगळुरात.

सुरुवातीला लोक यायचे – बाई, बीपी बघा. बाई, बाळाला ताप आहे. मग नवी नर्स आली. गुणाची मुलगी हो! लोक तिच्याकडे जायला लागले. जाणारच की! राग धरायचा कोणावर?

नर्सबाईंनी मला स्वतः सांगितलं, "महाराज, मी दुपारी दार उघडं टाकून बसायची. मग वाटलं, लोक म्हणतील ही वाट बघत बसलीय. म्हणून दार लोटून बसायला लागले."

हसू नका मंडळी. ही हसायची जागा नाही.

एक दिवस किराणा दुकानात त्यांच्या कानावर आलं – दाभीळवाडीचे केरबाआण्णा पोवार गाडी विकतायत. अगदी स्वस्तात! बाईंना गाडी येत होती. नोकरीत असताना आरोग्य केंद्राच्या ड्रायव्हरनं जीपवर शिकवलं होतं. लायसन होतं, कपाटात साड्यांखाली. मनानं घेतलं – बघून तर येऊ!

दाभीळवाडीला गेल्या. अंगणात पांढरी गाडी. पांढरी म्हणजे – कधी काळी! मीटर बघितला. दोन लाख एकोणचाळीस हजार किलोमीटर! आणि ओसरीवर आण्णा. पूर्वी दूधसंघात सुपरवायझर, गावोगाव फिरलेला माणूस. आता काचबिंदूनं एक डोळा गेलेला, दुसऱ्यापुढं धुकं.

आता गाडी विकणारा माणूस काय करतो? गुण गातो! हे आण्णा काय म्हणाले?

"बाई, आधी खोडी ऐका. चढावर तापती. दुसऱ्या गिअरला अडती. मागचं डावं दार भायेरनं उघडत न्हाई. ऑइल पिती."

"अहो आण्णा, एवढं सांगितलंत तर घेणार कोण?"

"तिघं येऊन गेलं. एक भंगारवालाबी आला. त्याला म्हटलं, चालती गाडी कापायला देत न्हाई."

तेवढ्यात शेजारच्या पुतण्याच्या घरून जेवण आलं. ताट ओसरीवर ठेवलं आणि आणणारी बाई पाठमोरी झालीसुद्धा. आण्णांनी चाचपडत भाकरी शोधली. नर्सबाईंनी आमटीची वाटी त्यांच्या हाताजवळ सरकवली.

दुसऱ्या दिवशी गारगोटीहून इस्माईल मिस्त्रींना घेऊन गेल्या. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढून बघितली, गाडीखाली शिरले. बाहेर आले ते मान हलवतच.

"बाई, घेऊ नका. क्लच गेलाय, शॉकअप बसलेत, पत्रा खालनं कुजलाय. ही गाडी न्हाई, दुखणं हाय!"

"दुखण्याला मी कधी भ्यालेय का मिस्त्री? बरं होण्यासारखं आहे की नाही, तेवढं सांगा."

"चालंल. पण सारखं बघायला लागंल."

म्हातारपणाची व्याख्याच सांगितली की हो मिस्त्रींनी!

संध्याकाळी मुलीला फोन. प्रज्ञा कळवळून म्हणाली, "आई, रिक्षा करत जा ना. रस्त्यात बंद पडली तर? आणि मला सांग, गाडीतून जायचंय कुठं तुला?"

बाईंना राग आला. "जायला छप्पन्न जागा आहेत मला!" म्हणाल्या आणि फोन ठेवला. रागाच्या भरातच ठरलं – गाडी घ्यायची! मोठे निर्णय आपण विचार करून घेतो असं वाटतं तुम्हाला? मागं बसलेल्या नवरेमंडळींनी आठवून बघावं!

गाडी बारा दिवस गॅरेजात राहिली. क्लच नवा, शॉकअप नवे, खालून पत्र्याला ठिगळं. गुरुवारी सकाळी दारात आली. बाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. चांगली साडी नेसल्या. आत बसल्या. किल्ली फिरवली. घुर्रर्र – सुरू!

आणि मंडळी, तिथंच अडलं.

जायचं कुठं?

बहीण? ती गेली. शाळेतली मैत्रीण कुसुम? तिचा पत्ता पंचवीस वर्षांपूर्वीचा. ज्यांची बाळंतपणं केली त्या बाया? त्या आता सासवा झालेल्या, आपापल्या व्यापात. आरोग्य केंद्र? तिथं खुर्ची दुसऱ्याची. इंजिन चालू, पाय क्लचवर, आणि मनात एक नाव येईना! बाई म्हणाल्या, "महाराज, मालक गेले तेव्हा माणसं भोवती होती. एकटी मी त्या दिवशी झाले. स्टिअरिंग हातात धरून."

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी गिअर टाकला. दुसऱ्याला अडला. आणि त्यांना आठवलं, ही खोड आपल्याला कोणी सांगितली होती!

दाभीळवाडीच्या वळणावर गाडी आली. ओसरीवर आण्णा बसलेले. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण आवाज ओळखला. भिंत धरून उभे राहिले.

"काय झालं? बंद पडली? परत द्याया आलाय?"

"नाही हो आण्णा. तुमच्याकडेच आले."

"माझ्याकडं? काय काम काढलं?"

"काम काही नाही."

काम नसताना कोणी आलेलं नव्हतं त्यांच्याकडे, डोळे गेल्यापासून दीड वर्षात! मग हनुवटीवरून हात फिरवत, लाजत म्हणाले, "दाढी करायला बाजारात न्याल? हितं कोणाला सांगितलं की उद्या म्हणत्यात."

नेलं बाईंनी! गारगोटीत न्हाव्याच्या खुर्चीवर आण्णा राजासारखे बसले. गुळगुळीत दाढी, वर चहा. आणि परतताना, चढावर – तापली गाडी! सांगून ठेवलं होतं ना!

"बाजूला घ्या. बॉनेट उघडा. झाकणाला हात लावू नका, वाफ येती. गार हुईपर्यंत बसायचं," आण्णा म्हणाले.

जांभळीच्या सावलीत दगडावर दोघं बसली. आण्णा बोलायला लागले. बायकोला याच गाडीतून दवाखान्यात नेलं, ते. परत येताना मागची सीट रिकामी होती, ते. बाईही बोलल्या – लोटलेल्या दाराचं. कुणाला आधी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासानं बाई उठल्या, बॉनेटखाली हात धरून आल्या.

"झाली गार?" आण्णांनी विचारलं. विचारताना आवाज बारीक झाला.

गाडी गार झाली होती. बाई परत दगडावर बसल्या. म्हणाल्या, "नाही आण्णा. अजून नाही."

खोटं बोलल्या! धडधडीत खोटं! आणि मी या गादीवर उभा राहून सांगतो – त्या खोट्याचं पाप कोणत्याही वहीत लागलेलं नाही!

पुढं चौदा महिने, दर गुरुवारी, गाडी दाभीळवाडीला. दाढी, चहा, चढ, जांभळीची सावली. मिस्त्री म्हणाले, "बाई, रेडिएटर बदलून देतो, तापायची थांबंल." बाई म्हणाल्या, "राहू द्या."

गेल्या पौषात आण्णा गेले. झोपेत. तेरावं झालं, पुढचा गुरुवार आला. बाई एकट्याच बाजारात गेल्या. न्हावी सवयीनं टॉवेल झटकत बाहेर आला, बाजूची सीट बघितली आणि तसाच उभा राहिला. परतताना जांभळीखाली बाईंनी गाडी थांबवली. त्या दिवशी ती तापलीही नव्हती. पोटभर रडल्या.

मी विचारलं, "बाई, मग गाडी घेऊन काय मिळालं? शेवटी पुन्हा एकट्याच ना?"

त्या म्हणाल्या, "नाही महाराज. आधी मला नुसतंच करमत नव्हतं. आता आण्णांची आठवण येते. दोन्हींत फार फरक आहे."

मंडळी, मी तीस वर्षं कीर्तन करतो. हे वाक्य मी तिथंच लिहून घेतलं.

आता तुमच्याकडे वळतो. मिटा डोळे. समजा, आत्ता मंडपाबाहेर गाडी उभी आहे. टाकी भरलेली. काम काही नाही, लग्न नाही, मयत नाही, वशिला नाही. कोणाच्या दारात जाल? आलं नाव? ज्याच्या मनात आलं, त्यानं आरतीलाही थांबू नये. आत्ता उठावं आणि जावं. विठ्ठल रागावणार नाही, हमी माझी!

आणि ज्याच्या मनात एकही नाव आलं नाही, त्यानं मान खाली घालू नये. त्यानं इथंच बसावं. सतरंजी गुंडाळायची घाई कोणी करू नका रे. मीही बसतो. मलासुद्धा आज कुठं जायचं नाही.